मागायच्या आधी

शनिवारी दुपारी जेवणं उरकायच्या आतच भांडणाला तोंड फुटलं, आणि तेही एका सफरचंदावरून.

बाबांनी सफरचंद सोललं, फोडी केल्या, बिया काढल्या आणि बशी वाकून टेबलाखाली सरकवली. टेबलाखाली खारू बसली होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. हात लांब केला, फोड उचलली आणि पुन्हा आपल्या बाटल्यांच्या झाकणांच्या रांगेत गर्क झाली.

"बाबा," धाकटी म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून थोरलीनं ताटावरून मान वर केली. धाकट्या भावाची ही बायको ओरडली की काळजीचं कारण नसे. ती शांतपणे बोलायला लागली की समजावं, पाणी डोक्यावरून गेलं. "सकाळी काय ठरलं होतं आपलं?"

"काय ठरलं होतं?"

"सफरचंद दिसेल असं ठेवायचं, पण हाताला लागेल असं नाही. ती मागेपर्यंत थांबायचं."

"मागितलं की तिनं."

"कधी?"

"तू ताटं घेत होतीस तेव्हा. फ्रिजकडे बघून नाक उडवलं."

धाकट्याला हसू आलं. बायकोकडे लक्ष जाताच त्यानं ते घासाबरोबर गिळलं. पण खुर्ची उलटी करून बसलेल्या मधल्या भावानं ती संधी सोडली नाही. "नाक उडवलं! बाबा, शाळेत नाक उडवून चालणार आहे का? लिफ्टसुद्धा बटण दाबल्यावरच येते."

बाबांनी सगळी उमेदीची वर्षं लिफ्टच्या खोल्यांत, तेलकट दोरखंडांच्या सान्निध्यात घालवली होती. त्यांनी सुरी पुसली, मिटली आणि म्हणाले, "ती साधी लिफ्ट. चांगली लिफ्ट माणूस यायच्या आधीच तळमजल्यावर येऊन उभी राहते. मी तशा लावून दिल्यात."

टेबलाखाली झाकणाला झाकण टेकल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

खारू ही धाकट्याची मुलगी. पाळण्यातलं नाव वेगळंच होतं, पण सापडेल ती वस्तू तुरुतुरु नेऊन कोपऱ्यात साठवायच्या सवयीमुळे आजीनं तिला खारुताई केलं, आणि आजी गेल्यावर ते नाव बदलायची कुणाची छाती नव्हती. चार वर्षांची होऊन गेली तरी शब्द म्हणावा असा एकही तिच्या तोंडून निघाला नव्हता. डॉक्टरांनी गेल्या वर्षी ऑटिझम म्हणून सांगितलं, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या परीनं ते पचवलं. धाकटीनं मिळेल ते वाचून काढलं. धाकटा बेकरीतून पहाटेची पाळी करून यायचा आणि झोपण्याऐवजी मुलीशेजारी नुसता पडून राहायला लागला. मधल्यानं आपल्या औषधांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला गाठलं. बाबांनी काहीच केलं नाही. त्यांच्या मते खारूला काय हवं ते त्यांना कळत होतं, बाकी ज्यांना कळत नव्हतं ती त्यांची अडचण.

आणि खरंच कळत होतं. या घरात ते सगळ्यांनाच कळायचं. मागावं लागणं हा इथे जवळजवळ अपमान मानला जाई. आई असताना तर ताटात काय संपत आलंय हे जेवणाऱ्याच्या आधी तिला दिसे. कुणी दारातून आत आलं की चेहऱ्यावरून ती ठरवी, पाणी द्यायचं, चहा ठेवायचा की नुसतं बाजूला व्हायचं. "माझ्या घरात मागावं लागत नाही," हे ती पाहुण्यांना अभिमानानं सांगे. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरी फोनवर सांगितलं होतं, इथे तहान लागायच्या आधी पाणी मिळतं. ते कौतुकानं म्हटलं होतं की जीव घुसमटून, हे थोरलीला तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

आई गेली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं.

"हे बघा," मधल्यानं मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "संध्याकाळपर्यंत मला त्या विशेष मुलांच्या शाळेला कळवायचंय. गावाच्या त्या टोकाला आहे, मान्य. पण रोज सकाळची जागा आहे, न्यायला गाडी येते, शिकलेली माणसं आहेत. अशी जागा पुन्हा रिकामी होत नाही. मी शब्द टाकून ठेवलाय."

"कुणाला विचारून?" धाकटा म्हणाला.

"तुझ्या बायकोला मेसेजवर विचारून."

धाकट्यानं बायकोकडे बघितलं. धाकटी ताटातल्या भाताकडे बघत होती. आईच्या दवाखान्यातल्या दिवसांपासून या दोघांत, मधल्यात आणि धाकटीत, एक सरळ वाक्य बोललं गेलं नव्हतं. आईला कुठल्या दवाखान्यात हलवायचं यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. आज ती दोघं एका बाजूला होती, आणि मध्ये बसलेल्या बाबांना अजून बाजू पडल्याचंच कळलेलं नव्हतं.

"सकाळी ती माझ्याजवळ असते," बाबा म्हणाले. कुणीतरी विसरलेली गोष्ट आठवण करून द्यावी तसं म्हणाले.

"म्हणूनच तर," धाकटी म्हणाली आणि तिनं ओठ मिटले.

थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या वाक्यात ढवळाढवळ न करता चूक तेवढी दाखवायची, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग, आणि घरातही ती त्याच शिस्तीनं राहायची. आज मात्र बाबांच्या चेहऱ्याकडे बघून तिला राहवलं नाही. "आधी खेळताईंकडे जाऊन येऊ," ती म्हणाली. "त्यांनी सगळ्यांना बोलावलंय ना? मग काय ते ठरवा."

"हो, बघू या खेळ," मधला म्हणाला. "मी इस्त्रीची पँट घालून आलोय, खाली बसणार नाही, आधीच सांगतो."

*

खेळताई म्हणजे वसाहतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये लहान मुलांचा गट चालवणाऱ्या बाई. त्यांचं खरं नाव नोंदवहीत असेल. मुलं आणि मुलांचे आईबाप त्यांना खेळताईच म्हणत. हॉल कुणा एकाचा नव्हता. संध्याकाळी तिथे टेबलटेनिस चाले, पहाटे म्हातारी माणसं हातपाय हलवायला येत, आणि मधल्या वेळात जाड सतरंज्या पसरून खेळताई बसत. भिंतीशी खुर्च्यांची चळत, दुमडून उभं केलेलं हिरवं टेबल, हवेत बॅटच्या रबराचा वास. खिडक्या उंचावर होत्या. खेळताईंना ते पसंत होतं, रस्ता दिसत नाही म्हणजे मुलं रमतात.

मंडळी पोचली तेव्हा एक आई आपल्या मुलाच्या बुटांचे बंद बांधत होती. ती गेली आणि हॉल फक्त यांचा उरला. खारू आत शिरताच थेट टोपलीकडे गेली, तिनं टेबलटेनिसचे चेंडू बाहेर काढले आणि भिंतीच्या कडेनं एकापुढे एक मांडायला सुरुवात केली.

खेळताईंनी कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. त्या सरळ पालथ्या पडल्या, खारूपासून हातभर अंतरावर, आणि त्यांनीही एक चेंडू मांडला. मग थांबल्या. खारूनं एक मांडला. त्यांनी एक मांडला. खारूचा हात हवेत थबकला, तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाईंच्या हाताकडे बघितलं आणि पुढचा चेंडू मांडण्याऐवजी वाट बघितली. बाईंनी मांडला. खारूच्या घशातून बारीकसा आवाज निघाला, हसू म्हणावं असा.

"हे तर आपणही करू शकतो," मधला थोरलीच्या कानाशी पुटपुटला.

"मग केलंत का कधी?" पलीकडून धाकटी म्हणाली.

खेळताई उठून बसल्या. "केलं नसलं तरी बिघडत नाही. पण एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे ती मनात घेऊन कुणी बसायला नको. खारू तुमच्या लाडामुळे अशी नाही. कुणी जास्त दिलं, कुणी कमी दिलं, म्हणून मूल असं होत नाही. ती मुळातच जगाकडे वेगळ्या बाजूनं बघते. आपण फक्त तिच्या बाजूला जाऊन बसायचं, तिच्या खेळात शिरायचं, आणि खेळात एखादी फट ठेवायची. त्या फटीतून ती आपल्याकडे काहीतरी करेल. शब्दच हवा असं नाही. बोट, हात, आवाज, काहीही. ते आपण ओळखायचं आणि लगेच द्यायचं. एवढंच काम."

"एवढंच," मधला म्हणाला.

"आता चादर."

चादरीचा झोका हा खारूचा लाडका खेळ. ती चादरीत आडवी व्हायची, दोघांनी दोन बाजूंची टोकं धरून झुलवायचं, आणि मध्येच थांबायचं. थांबलं की बघायचं, ती काय करते. तोवर कुणी बोलायचं नाही, विचारायचं नाही, हलायचं नाही.

पहिली पाळी धाकट्याची आणि थोरलीची. चादर वर उचलली गेली, खारूचा चेहरा उजळला, झोका एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि खेळताईंनी हात वर केला. थांबले. खारू चादरीत निजून छताकडे बघत राहिली. धाकट्याला खोकला आला आणि खोकता खोकता त्यानं झोका दिला.

"अहो!" धाकटी.

"खोकला आला मला!"

"हातांना पण आला?"

पुन्हा थांबले. या वेळी धाकट्यानं श्वास रोखून धरला, तर थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "हवाय ना झोका, सोन्या?" आणि विचारता विचारता तिचे हात आपसूक हलले. ती शरमली. आयुष्यभर गप्प राहण्यात तिचा हातखंडा, आणि गप्प राहायच्या नेमक्या क्षणी जीभ घसरली. धाकटी आणि धाकटा यांच्या पाळीला धाकटी बरीच टिकली, पण खारूनं कपाळाला बारीकशी आठी घातली तशी आईचं काळीज हललं, आणि त्याबरोबर चादर.

"आमच्या घराण्याला हे जमायचं नाही," मधला भिंतीला टेकून म्हणाला. "आमच्याकडे कुणी शिंकलं तर समोरचा आधीच रुमाल काढून उभा असतो."

"मी धरतो," बाबा म्हणाले.

ते गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले. दुसरं टोक धाकट्यानं धरलं. झोका सुरू झाला तसा बाबांचा चेहरा बदलला. आई गेल्यापासून उतरलेला तो चेहरा, पण झोक्याच्या लयीत त्यावर काहीतरी परत आलं. खेळताईंनी हात वर केला. थांबले. आणि कुणाच्या काही लक्षात यायच्या आत बाबांनी पुन्हा झोका दिला.

"बाबा!" आता सगळे एकदम.

"मागितलं तिनं!" बाबा चिडले. "डोळे फुटले का तुमचे? पायाचा अंगठा बघा. हवं असलं की अंगठा आत वळतो."

खेळताई पुढे सरकल्या. पुन्हा थांबायला सांगून त्यांनी खारूच्या पायांकडे टक लावली. अंगठा वळला, इतका हलका की वाऱ्यानं पान हलावं. बाबांच्या हातांनी झोका दिला.

"खरंय," त्या म्हणाल्या. "हे मला दिसलं नव्हतं."

"मग?" बाबांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. जिंकलेल्या माणसाचं बघणं होतं ते.

"मग काही नाही. तुम्हाला तिचं कळतं, आणि ते तिचं भाग्य. पण आजोबा, अंगठा बुटात असतो. शाळेतल्या बाईंना कसा दिसेल? शेजारच्या मुलाला?"

"मी सांगेन त्यांना."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?" हे धाकटी म्हणाली. ती हे बोलणार नव्हती, असं तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. पण एकदा निघालं तसं ती थांबली नाही. "आई होत्या तोवर सगळ्यांना न मागता मिळत होतं. आता काय होतंय आपलं? बाबा, मी तुम्हाला रोज दोन वेळा चहा देते. काल तुम्ही अर्धा कप बेसिनमध्ये ओतताना मी बघितलं. तुम्हाला एवढी साखर चालत नाही ना?"

बाबा चादरीच्या टोकाकडे बघत राहिले.

"आईंना माहीत होतं. मला कुणी सांगितलं? तुम्ही का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय," बाबा म्हणाले. "चहा चहाच असतो."

थोरलीनं मान वळवली. तीही त्याच घरात राहत होती. तोच चहा तीही पीत होती. आईच्या हातचा बाबांचा कप कधी चाखून बघायची वेळच आली नव्हती, कारण तो आईच्या हातून बाबांच्या हाती जाई, मध्ये कुणी नसे. एक माणूस जातं आणि आपल्याबरोबर केवढं माहीत असणं घेऊन जातं, हे तिला पुस्तकांतून पुष्कळदा वाचून कळलं होतं. गोड चहा त्यात कुठे नव्हता.

"पुन्हा एकदा करू," बाबा म्हणाले. "या वेळी मी थांबतो."

झोका. हात वर. थांबले.

खारूचा अंगठा वळला. सगळ्यांनी बघितला, आता सगळ्यांनाच दिसत होता. बाबांच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या. अंगठा पुन्हा वळला, पुन्हा वळला. खारूनं मान वळवून आजोबांकडे बघितलं, नेहमी चालू होणारी गोष्ट बंद का पडली असेल अशा नवलानं. मग तिनं तोंड वेडंवाकडं केलं. धाकटीनं ओढणीचं टोक दातांत धरलं. बाबा थांबले. खारू हुंदका देऊन उठली, चादरीतून बाहेर आली आणि भिंतीकडे, आपल्या चेंडूंकडे, निघून गेली. त्यांच्याकडे पाठ करून बसली.

धाकट्याच्या हातातलं टोक खाली पडलं. बाबांच्या हातातलं तसंच राहिलं.

"असं होतं," खेळताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी..."

"झालं ना बघून?" मधल्यानं फोन बाहेर काढला. "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे रोजचं रोज, शिस्तीत, तिऱ्हाईत माणसांनी करायचं काम आहे. आम्हा लोकांचा जीव वरखाली होतो. मी हो म्हणून कळवतो."

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही बोला काहीतरी."

"काय बोलू?" धाकटा म्हणाला. "इतक्या लांब, गाडीत, अनोळखी माणसांत... पण घरी जमत नाही हे तर दिसलंच."

"ताई?" धाकटीनं विचारलं.

थोरलीला बाबा दिसत होते. सतरंजीवर मांडी घालून, हातात चादरीचं टोक, समोर कुणी नाही. त्यांच्या सकाळी तिला माहीत होत्या. धाकटा अजून बेकरीतून यायचा, धाकटी एक्स-रेच्या खोलीत कामावर, थोरली छापखान्याची बस धरायला निघालेली, आणि मागे हे दोघं. आई गेल्यानंतरच्या आठवड्यांत बाबा उठत ते केवळ खारू उठते म्हणून. हे बोलून दाखवायची सोय नव्हती. आणि धाकटीचं चुकत होतं असंही म्हणायची सोय नव्हती.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

मधल्यानं फोन कानाला लावला आणि तो मोठ्यानं बोलायला लागला, "हां, नमस्कार, मी सकाळी बोललो होतो ते मुलीचे काका..."

तेवढ्यात भिंतीशी हालचाल झाली. खारू उठली. ती आजोबांच्या समोरून गेली, आईच्या समोरून गेली, आणि मधल्यापुढे येऊन उभी राहिली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचा मोकळा हात मनगटाशी धरला आणि ओढला.

"अरे, हिला काय हवंय?" मधला फोनवरून तोंड बाजूला घेत म्हणाला.

धाकट्यानं तोंड उघडलं. धाकटीनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. थोरलीनं स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर दाबला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"काय गं? बाहेर जायचंय का? तहान लागलीय? अरे, सांगा ना कुणीतरी!"

कुणी सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा या कुटुंबानं एखादी माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवली होती, आणि ती ठेवताना सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते. खारूनं पुन्हा ओढलं. मधला दोन पावलं पुढे आला. तिनं त्याचा हात खाली, चादरीच्या पडलेल्या टोकावर नेऊन टेकवला, वरून आपल्या दोन्ही तळव्यांनी दाबला, आणि घशातून म्हणाली, "हं."

"ही चादर? ही धरू?"

"हं."

"सगळं काय ते कळलंय तुम्हाला," खेळताई हळूच म्हणाल्या. "द्या आता. लगेच."

मधला तशीच इस्त्रीची पँट घेऊन खाली बसला. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये अडकलेला. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. "मी... मी नंतर करतो," तो म्हणाला. "आत्ता माझे हात अडकलेत." फोन घरंगळून सतरंजीवर पडला. खारू चादरीत आडवी झाली, आणि काका आणि आजोबांनी झोका दिला. थांबले तर तिनं हात वर करून मधल्याच्या मनगटावर थाप मारली. झोका. पुन्हा थांबले, पुन्हा थाप. ती बाबांकडे एकदाही वळली नाही.

"मलाच का?" मधला म्हणाला. त्याच्या आवाजात टवाळी उरलेली नव्हती. "मी तर हिच्याशी धड कधी खेळलोही नाही."

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

ते झोका देतच होते, लय चुकू न देता. "तुला काही कळत नाही, म्हणून तुला सांगावं लागलं तिला. मला कशाला सांगेल? माझ्याकडे आपोआप येतं." त्यांनी चादरीचं टोक सावरलं. "मघाशी मी थांबलो ते तिला मी रुसलोय असं वाटलं असणार."

"तसं नाही हो, आजोबा," खेळताई म्हणाल्या. "तुमच्याबरोबरही येईल. वेळ लागेल, पण येईल."

"येईल तेव्हा येईल." बाबांनी धाकटीकडे बघितलं. "ते लांबचं नको. गाडीत कोंबून नको. पण सकाळी ती इथे येऊ दे, बाईंच्या गटात. इथे तिच्या मनातलं कुणाला आपोआप कळत नाही. दुपारी माझ्याकडे."

"बाबा, सकाळी तुम्ही..." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तीच भांडत होती आणि आता तिलाच वाईट वाटत होतं.

"मी काय? मी आणून सोडेन की. जिने उतरण्याएवढे पाय आहेत माझे."

"मी त्यांना नाही म्हणून कळवू का?" मधल्यानं विचारलं. घरच्यांच्या लक्षात आलं, त्यानं हे विचारलं होतं. कळवून मोकळा झाला नव्हता.

"कळव," धाकटा म्हणाला. "आणि हिला नाही, मला विचारून शब्द टाक पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी मी शब्दच टाकणार नाही. तुमच्या चादरी धरत बसेन."

"गुडघ्याला धूळ लागलीय, दादा," धाकटी म्हणाली. दवाखान्यानंतरचं तिचं त्याला उद्देशून हे पहिलं साधं वाक्य होतं.

*

सोमवारी थोरली उशिरा निघाली. दुसऱ्या बसनं गेलं तरी चालण्यासारखं होतं, असं तिनं स्वतःला समजावलं. हॉलवरून जाताना तिला बाबा दिसले. हॉलच्या बाहेरच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, थंडी वाजल्यासारखे. थंडी नव्हती.

"गेली आत?"

"गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही पठ्ठीनं."

"घरी जाऊन बसा ना. संपलं की या."

"बरा आहे इथे."

दार लावलेलं होतं. आतून मुलांचा गोंगाट येत होता, कुणीतरी डबा बडवत होतं, खेळताईंचा आवाज मध्येच वर येई आणि बुडे. मग एकदम सगळं शांत झालं. बाबांची पाठ ताठ झाली. मांड्यांखालचे हात हलल्याचं थोरलीला खांद्यांवरून कळलं, पण ते बाहेर आले नाहीत. दोघंही दाराकडे बघत राहिली. आत कुणीतरी थांबलं होतं आणि कुणीतरी काहीतरी करायचं होतं, आणि या बाजूनं त्यात घालता येण्यासारखं काही नव्हतं.

मग आत हसण्याचा लोट फुटला. पाचसहा मुलांचा, त्यात मोठ्या माणसांचाही. त्यात खारूचं ते घशातलं हसू होतं की नाही, ओळखता येईना.

"कुणाकडे मागितलं असेल?" थोरलीनं विचारलं. "काय मागितलं असेल?"

बाबांनी थोडा विचार केला.

"मला काय माहीत," ते म्हणाले, आणि तिनं पुढे काही म्हणायच्या आधी पायरीवर जरा बाजूला सरकले. ती बसली.